पंचेचाळीस अंशांचा नियम आणि चेंडूचे उड्डाण

शालेय पदार्थविज्ञानातील काही विधाने जन्मभर स्मरणात राहतात. फेकलेली वस्तू जास्तीत जास्त दूर जावयाची असेल तर ती क्षितिजाशी ४५ अंशांचा कोन करून फेकावी, हे त्यांपैकी एक होय. वस्तुतः हे केवळ प्रधानवाक्य आहे. त्याच्या मागे तीन संकेतार्थी गौणवाक्ये होती: जर हवेचा रोध नसेल, जर वस्तू सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल, आणि जर फेकीचा वेग कोनानुसार बदलत नसेल. पाठांतराच्या ओघात ही गौणवाक्ये गळून गेली आणि सोपाधिक विधान निरुपाधिक होऊन बसले. फुटबॉलमधील गोलरक्षक हातातील चेंडू खाली सोडून तो जमिनीस टेकण्यापूर्वीच लाथेने दूर मारतो. हे उदाहरण घेऊन ही तीन गौणवाक्ये येथे एकेक तपासावयाची आहेत.

प्रथम मूळ नियमाकडे पाहू. तोफेचा पल्ला ४५ अंशांवर सर्वाधिक असतो, हे इटालियन गणिती तार्तालिया याने १५३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. परंतु त्याची समाधानकारक उपपत्ती गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात मिळते. गॅलिलिओने प्रक्षेपित वस्तूच्या गतीचे दोन घटक वेगळे केले. आडवा घटक कायम राहतो; उभा घटक गुरुत्वामुळे क्षीण होत जाऊन शून्य होतो व नंतर उलटतो. या दोहोंच्या संयोगाने वस्तूचा मार्ग अन्वस्त होतो. चेंडू हवेत किती वेळ राहील हे उभा घटक ठरवितो. त्या वेळात तो किती पुढे जाईल हे आडवा घटक ठरवितो. कोन वाढविला की वेळ वाढतो, पण पुढे जाण्याची गती घटते. दोहोंचा गुणाकार ४५ अंशांवर महत्तम होतो.

चेंडूचा आरंभीचा वेग सेकंदास २५ मीटर धरू. निर्वात अवकाशात ४५ अंशांवर त्याचा पल्ला सुमारे ६४ मीटर भरतो. ३० व ६० या दोन्ही अंशांवर तो सारखाच, म्हणजे सुमारे ५५ मीटर येतो. मात्र ३० अंशांवरील चेंडू सुमारे ८ मीटर उंची गाठून २.५ सेकंदांत खाली येतो, तर ६० अंशांवरील चेंडू सुमारे २४ मीटर उंच जाऊन ४.४ सेकंद हवेत राहतो. अंतर एकच, पण खेळाच्या दृष्टीने या दोन लाथा अगदी भिन्न आहेत. पहिलीत प्रतिपक्षास सावरण्यास अवधी मिळत नाही; दुसरीत स्वपक्षीयांस चेंडूखाली पोचण्यास अवधी मिळतो.

आता पहिले गौणवाक्य घेऊ. फुटबॉलचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम व परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. आकाराच्या मानाने हा चेंडू हलका आहे. रोधगुणांक ०.२ धरल्यास सेकंदास २५ मीटर वेगाला हवेचा रोध चेंडूच्या वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो. तोच गुणांक संपूर्ण उड्डाणात कायम मानून हिशेब केला असता ४५ अंशांवरील पल्ला ६४ वरून सुमारे ४३ मीटरांवर येतो. मार्गही सममित राहत नाही: चेंडू ४५ अंशांनी चढतो, पण ५० हून अधिक अंशांनी उतरतो. इतका मोठा फरक पडूनही सर्वोत्तम कोन ४५ च्या थोडासाच खाली सरकतो. चेंडूला उलटी फिरकी मिळाली तर हवा त्याला वर उचलते. या परिणामास, १८५२ साली त्याचा अभ्यास करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून, मॅग्नस परिणाम म्हणतात. हवेनेच असा आधार दिल्यावर चेंडू मुळात फार उंच मारण्याची गरज उरत नाही, आणि सर्वोत्तम कोन आणखी काहीसा उतरतो.

दुसऱ्या गौणवाक्याचा प्रभाव येथे अल्प आहे. पायाचा चेंडूशी संयोग जमिनीपासून फार उंचावर होत नाही. पल्ल्याच्या तुलनेत ती उंची नगण्य होय.

तिसरे गौणवाक्य मात्र निर्णायक आहे, आणि नेमके तेच आपण सर्वांत आधी विसरतो. तोफेला कोन कसाही दिला तरी दारूचा जोर तोच राहतो; मनुष्यदेहाचे तसे नाही. ब्रुनेल विद्यापीठातील निकोलस लिन्थॉर्न व त्यांच्या सहकाऱ्याने २००६ साली फुटबॉलमधील हाताने करावयाच्या सीमाफेकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीत सर्वोत्तम कोन सुमारे ३० अंश आढळला. कोन चढविला की हातांना व धडाला चेंडूस तितका वेग देता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण. लांब उडीत तर उत्तम उडी घेणाऱ्यांचा कोन २० अंशांच्या आसपास असतो. पुढे २०११ साली लिन्थॉर्न यांनी एका सहकाऱ्यासह गोलरक्षकाच्या लाथेचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन खेळाडूंनी १० ते ९० अंशांपर्यंतच्या कोनांत पूर्ण जोराने लाथा मारल्या. त्यांना स्वभावतः पसंत असलेले कोन ४० व ४४ अंश होते, आणि गणिताने काढलेले सर्वोत्तम कोन त्यांच्याशी जुळले. कारण असे की, लाथेत चेंडूचा वेग सर्व कोनांत जवळजवळ सारखाच राहिला.

म्हणजे गोलरक्षकाच्या लाथेला जुना नियम बव्हंशी लागू पडतो. पण तो सार्वत्रिक आहे म्हणून नव्हे, तर त्याचे तिसरे गौणवाक्य येथे योगायोगाने खरे ठरते म्हणून. त्याच मैदानावर, त्याच चेंडूने, सीमारेषेवरून हाताने केलेल्या फेकीत ते खोटे ठरते आणि उत्तर पंधरा अंशांनी ढळते. एखादा निष्कर्ष उद्धृत करताना त्याचा अंक जपावा आणि अट सोडून द्यावी, ही सवय केवळ खेळाच्या चर्चेत आढळते असे नाही; आपल्या प्रबंधांतही ती पुष्कळदा दिसते. प्रधानवाक्याबरोबर गौणवाक्यही वाहून नेणे हे अभ्यासकाचे प्राथमिक कर्तव्य होय.