‘वई’ : शब्द आणि दायित्व

‘वई’ हा कुंपणवाचक मराठी शब्द संस्कृत ‘वृति’पासून प्राकृत ‘वइ’द्वारा सिद्ध झाला आहे. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायानुसार ही वृति उंटाला आत डोकावता येणार नाही इतकी उंच असावी, व कुत्र्याडुकरांचे तोंड शिरेल असे प्रत्येक छिद्र बुजवावे. गावालगतच्या चराऊ भूमीतील शेत उघडे असून गुरांनी पीक खाल्ले, तर गुराख्यास दंड नाही. शेत वेढलेले असल्यास मात्र तो १०० पण दंडास पात्र होतो. म्हणजे दाद मागण्याचा अधिकार कुंपणाच्या कर्तव्यातूनच उद्भवतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही (१९६६) सीमाचिन्हे सुस्थितीत राखण्याचे दायित्व भूधारकावरच ठेवले आहे. ते मोडणाऱ्या शेजाऱ्याचे कृत्य लोकभाषेने ‘बांध कोरणे’ या वाक्प्रचारात नोंदून ठेवले आहे.