फॉरेस्ट प्लॉटमधले चौकोन नीट बघा

सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणजे पुराव्यांच्या पिरॅमिडचं टोक, हे आपण प्रवेश परीक्षेसाठी पाठ करतो. मग औषध निवडताना रिव्ह्यूचा निष्कर्ष वाचला की काम झालं का? आयव्हरमेक्टिनचं उदाहरण बघू.

हे जंतांवरचं जुनं, स्वस्त औषध. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की कोविडसाठी ते फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच वापरावं. तरी मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते देण्याचं जाहीर केलं. जुलैमध्ये अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांची मेटा-अ‍ॅनालिसिस छापून आली: ११ ट्रायल, मृत्यूंमध्ये ५६ टक्के घट!

त्या ११ पैकी एक होता इजिप्तमधला प्रीप्रिंट. लंडनमध्ये मास्टर्स करणाऱ्या जॅक लॉरेन्सला तो असाइनमेंट म्हणून मिळाला होता. त्याला प्रस्तावनेत उचललेला मजकूर दिसला. मग त्याने मूळ डेटा उघडला, तर काही रुग्णांचा मृत्यू अभ्यास सुरू होण्याआधीच नोंदवलेला! जुलैमध्येच तो प्रीप्रिंट मागे घेतला गेला. हिल यांनी शंकास्पद आणि पक्षपाताचा धोका जास्त असलेले अभ्यास वगळून पुन्हा गणित केलं, तेव्हा मृत्यू कमी होण्याचा परिणाम उरला नाही.

कारण साधं आहे. मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे वजनांनुसार काढलेली सरासरी. फॉरेस्ट प्लॉटमध्ये चौकोन जितका मोठा, तितकं त्या अभ्यासाचं वजन जास्त. खोटा डेटा आत गेला, तर सरासरी त्याला दुरुस्त करत नाही, उलट प्रतिष्ठा देते.

त्याच महिन्यात आलेल्या कोक्रेन रिव्ह्यूने १४ ट्रायल तपासून पुरावा अपुरा आहे असं म्हटलं. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या ट्रायलमध्येही रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलं नाही.

म्हणून रिव्ह्यू हातात आला की तीन प्रश्न विचारा. कोणत्या अभ्यासाचं वजन सर्वाधिक आहे? तो काढून टाकला तर निष्कर्ष टिकतो का? (यालाच सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात.) आणि प्रत्येक अभ्यासातल्या पक्षपाताचा धोका लेखकांनी कसा तपासला?

जॅककडे कुठलं खास पद नव्हतं. दिलेला पेपर त्याने मुळापासून वाचला, एवढंच. ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे.