उपद्रवी जलपर्णीचा उपयोग

नंदुरबार जिल्ह्यापासून समुद्र दूर आहे. तथापि आपल्या तापीचे पाणी अखेर समुद्रासच मिळते. प्रकाशे येथील घाटावरून पुढे गेलेली ही नदी उकाईच्या जलाशयातून सुरतेस पोहोचते. तेथे शहराला पाणी पुरविणाऱ्या बंधाऱ्यामागे पाण्यावर हिरवेगार आच्छादन पसरते. दुरून पाहणाऱ्यास वाटावे, कोणी भाजीचा मळाच केला आहे! ही जलपर्णी होय. ती काढण्यासाठी महापालिकेला यंत्रे लावावी लागली आहेत. पुण्याच्या मुळा-मुठेत, पवनेत आणि कल्याणजवळच्या उल्हास नदीतही ती अशीच माजते.

ही वनस्पती आपल्या देशातील नव्हे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही रहिवासी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, आणि तीही केवळ फुलासाठी. फूल खरोखरच देखणे असते. फिकट जांभळ्या पाकळ्यांपैकी वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो. बागेतील तळ्यांतून ती नदीनाल्यांत शिरली. तिचे देठ फुगीर व स्पंजासारखे असल्यामुळे ती बुडत नाही, आणि आडव्या धुमाऱ्यांनी एका रोपाची अनेक रोपे होत जातात. पाणी मानवले तर तिचा विस्तार सुमारे पंधरवड्यात दुप्पट होतो. तळ्याचा अष्टमांश भाग आज झाकलेला असेल, तर दीड महिन्यात सारे तळे दिसेनासे होईल. मग पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि मासेमारी करणाऱ्यास जाळे टाकण्यापुरतीही मोकळी जागा उरत नाही. बंगालमध्ये १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदाच करण्यात आला. कायदा झाला, जलपर्णी राहिली.

उपटलेल्या जलपर्णीचे करावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे. काठावर टाकली तर ती कुजते आणि पुराबरोबर पुन्हा पाण्यात जाते. तिच्यात शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव भाग पाणीच असते. शंभर किलो ओली जलपर्णी वाळविली, तर हाती जेमतेम पाच किलो माल येतो. ती ओली असतानाच दूरच्या कारखान्यात नेणे म्हणजे भाडे भरून पाणी वाहून नेणे होय! म्हणून हा उद्योग नदीकाठीच, उन्हाच्या आधाराने उभा राहू शकतो.

आसामात तसा तो उभा राहिला आहे. गुवाहाटीजवळ दीपोर बील नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथील मासेमार समाजाच्या सहा तरुणींनी वाळविलेल्या जलपर्णीपासून योगासनांसाठी चटई तयार केली. २०२१ साली ती सर्वांच्या दृष्टीस आली. ती जीर्ण झाली की मातीत मिसळून जाते. चटईला त्यांनी नाव दिले तेही त्या सरोवरावर राहणाऱ्या पक्ष्याचे, जांभळ्या पाणकोंबडीचे. ज्या वनस्पतीने जाळी अडविली, तिच्यापासूनच त्या घरांना मिळकत झाली.

वाळलेल्या देठांच्या टोपल्या, दोर व पिशव्याही होतात. नवापूरकडील कोटवालिया कारागीर बांबूच्या कामट्या ज्या कौशल्याने विणतात, ते पाहिले म्हणजे अशा हातांना हे मऊ देठ विणणे अवघड जाईल असे वाटत नाही. लगद्याचा हातकागद होतो, शेणाबरोबर कुजविल्यास जळाऊ वायू मिळतो. समुद्रकिनाऱ्यांवरही असे प्रयत्न चालू आहेत. २०११ पासून कॅरिबियन समुद्राच्या काठी सरगॅसम नावाचे शेवाळ ढिगाढिगांनी येऊन पडते; मेक्सिकोत ते मातीत मिसळून त्याच्या विटा करण्यात आल्या आहेत.

एवढ्याने नदी मोकळी होते, असे मात्र कोणी समजू नये. चटया विणून संपेल इतकी जलपर्णी थोडी नसते. तिचे बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि शहरांचे सांडपाणी तिला आयते खत पुरविते. शिवाय जिच्यावर पोट चालते ती नाहीशी व्हावी, असे कोणास वाटेल? आणखी एक गोष्ट खतासंबंधी. जलपर्णीची मुळे पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे घातक धातू शोषून घेतात. स्वच्छ तळ्यातील जलपर्णीचे खत शेतास चांगले. कारखान्यांच्या सांडपाण्यावर वाढलेली जलपर्णी शेतात घातली, तर ते धातू पिकापर्यंत पोहोचू शकतात. टोपली विकणाऱ्याने नसले तरी खत विकणाऱ्याने आपला माल कोणत्या पाण्यातला, हे अवश्य सांगितले पाहिजे.