‘प्रोसेस’ किती ठेवू?

मराठी विभागात टेक्निकल लेख दिसला की तुम्ही पान उलटणार, हे मला माहीत आहे! त्यातून मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा भाषेचं जरा सांभाळून घ्या. पण गॅदरिंगच्या साउंड टीममध्ये मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, “अरे, हे दोन नॉब किती ठेवू?” त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकतो.

हे दोन नॉब सॉनिक मॅक्सिमायझरचे. बीबीई या अमेरिकन कंपनीचं हे यंत्र मिक्सर आणि इक्वलायझरच्या नंतर, क्रॉसओव्हर आणि अँप्लिफायरच्या आधी जोडतात. स्पीकरमधून येताना ट्रेबल बेसच्या मागे पडतो आणि आवाज गढूळ होतो, असा यामागचा विचार. म्हणून हे यंत्र बेसला सुमारे २.५ मिलिसेकंद आणि मधल्या पट्टीला सुमारे ०.५ मिलिसेकंद थांबवतं. ट्रेबल मात्र न थांबता पुढे जातो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर बेस ८५ सेंटीमीटर मागे सरकवल्यासारखं झालं.

आता नॉब. ‘लो काँटूर’ने बेस वाढतो आणि ‘प्रोसेस’ने वरची पट्टी वाढते. आपली मंडळी दोन्ही थेट १० वर नेतात आणि “आता कसं भारी वाटतंय!” म्हणतात. गंमत इथेच आहे. आवाज थोडा मोठा झाला की कानाला तो ‘चांगला’ वाटतो. म्हणून यंत्रावर बायपासचं बटण असतं. ते दाबून आधीचा आणि नंतरचा आवाज ऐका, पण मिक्सरवर दोन्हींची पातळी सारखी करून. त्यानंतरही फरक आवडला, तरच तो खरा.

माझी पद्धत सोपी आहे. दोन्ही नॉब शून्यावर ठेवायचे. आधी ‘प्रोसेस’ हळूहळू वाढवायचा. निवेदकाचे स, श, च स्पष्ट झाले की थांबायचं आणि नॉब किंचित मागे घ्यायचा. या व्यंजनांची बरीचशी ताकद वरच्या पट्टीत असते. ती दबली की मागच्या रांगेत ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात. पण ‘प्रोसेस’ फार चढवला, तर स कानाला टोचतो आणि माइक शिट्टी मारतो.

‘लो काँटूर’ भाषण आणि नाटकाला शून्याजवळच बरा. नाहीतर हॉल नुसता घुमतो. डान्सच्या ट्रॅकला थोडा द्या, पण हिशेब ठेवून. ३ डेसिबल वाढवले की अँप्लिफायरकडे दुप्पट पॉवर मागितली जाते आणि ६ डेसिबलला चौपट. तेवढी नसेल तर तो क्लिप होतो, आणि मग ट्विटर जळू शकतो. क्लिपचा लाल दिवा लागला की वाद घालू नका, आवाज कमी करा.

आणखी एक गोष्ट. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं, की आवाज लहान असताना आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. त्यामुळे हळू आवाजात लावलेलं सेटिंग मोठ्या आवाजात जड वाटतं. शिवाय भरलेल्या हॉलमध्ये माणसं आणि कपडे ट्रेबल शोषून घेतात. म्हणजे दुपारी रिकाम्या हॉलमध्ये जमवलेलं सेटिंग रात्री पुन्हा तपासायलाच हवं.

आणि ते कन्सोलजवळ बसून कळत नाही बरं का! मागच्या रांगेत मेसचे काका, लायब्ररीतल्या मॅडम आणि गावाहून मुलाचं नाटक बघायला आलेले आई-बाबा बसलेले असतात. पोरांनी महिनाभर पाठ केलेले संवाद त्यांच्यापर्यंत पोचायला हवेत. म्हणून टीममधला एकजण तिथे उभा करा. त्याने हात वर केला की ‘प्रोसेस’ थोडा वाढवा, खाली केला की कमी करा. नॉबवरच्या आकड्याकडे बघायची गरजच नाही.