तराजूतला पासंग



तुम्ही बाजारात नेहमीच जात असाल. आमच्या पिंपळगाव रेणुकाईला हंगामात हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. आता तिथे विजेवर चालणारे काटे आले आहेत. पण माझ्या लहानपणी दोन पारड्यांचे तराजू सर्रास दिसत. अनुभवी शेतकरी माल टाकण्यापूर्वी व्यापाऱ्याला म्हणे, "आधी रिकामा तराजू उचला." रिकामी पारडी सारखी राहिली, तरच तो मिरची मोजू देई. एक पारडे आपोआप खाली झुकले, तर लोक म्हणत, "तराजूला पासंग आहे." पासंग हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे.

माणसांचे मोल ठरवतानाही आपण मनात एक तराजू धरतो. त्या तराजूला पासंग असेल तर काय होते, हे मला एका मोठ्या मुष्टियोद्ध्यावरून कळले. त्यांचे नाव मुहम्मद अली.

त्याचे असे झाले. आमच्या वर्गात मराठीच्या तासाला वादविवाद ठेवला होता. विषय होता, 'मुहम्मद अली यांचा वारसा'. वारसा हा शब्दही तुम्हांला परका नाही. वारिस आणि वारसा एकाच घरचे. वारसा म्हणजे माणूस मागे ठेवून जातो ते. शेत, घर, पैसा हा जसा वारसा, तसाच चांगल्यावाईट कामांचाही वारसा असतो.

हा विषय मीच निवडला होता, कारण अली माझे लहानपणापासूनचे आवडते. 1980 साली ते भारतात आले होते. दिल्लीत त्यांनी आपल्या कौर सिंग यांच्याशी एक प्रदर्शनी सामना खेळला. हेच कौर सिंग पुढे 1982 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. अलींच्या त्या दौऱ्याच्या बातमीचे एक पिवळे पडलेले कात्रण माझ्या अब्बांनी पेटीत जपून ठेवले होते. ते मी कितीदा पाहिले असेल, याची गणती नाही.

वर्गातील पहिला वक्ता जोरात बोलला. त्याने सांगितलेली माहिती अशी होती.

अलींचा जन्म 17 जानेवारी 1942 रोजी अमेरिकेतील लुइव्हिल या शहरात झाला. त्यांचे मूळ नाव कॅशिअस क्ले. त्या काळी तिथे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शाळेत, उपाहारगृहात प्रवेश नसे. बारा वर्षांचे असताना त्यांची सायकल चोरीला गेली. चोराला चोप देण्याची भाषा करत ते तक्रार सांगायला गेले. ज्या पोलिसाने ती ऐकली, तो मुलांना मुष्टियुद्ध शिकवत असे. तो म्हणाला, आधी लढायला तर शीक. तेथून सुरुवात झाली. 1960 मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. 1964 मध्ये सनी लिस्टन यांना हरवून ते हेवीवेट गटाचे, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे, जगज्जेते झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे 22 वर्षे होते. इतका मोठा देह, पण पाय नर्तकासारखे हलके! त्याच वर्षी त्यांनी आपले नवे नाव जाहीर केले, मुहम्मद अली.

पुढे व्हिएतनामचे युद्ध पेटले. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टन येथे अलींना सैन्यात भरतीसाठी बोलावले. आपला धर्म आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी या युद्धात भाग घेऊ देत नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. त्यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले. न्यायालयाने पाच वर्षांची कैद आणि 10,000 डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्याने ते तुरुंगाबाहेर राहिले; पण साडेतीन वर्षे त्यांना लढता आले नाही. मुष्टियोद्ध्याची ऐन उमेदीची वर्षे ती! अखेर 28 जून 1971 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली.

"एका शब्दाने हो म्हटले असते, तर सगळे वाचले असते. पण त्यांनी म्हटले नाही," असे म्हणून वक्ता खाली बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग विरुद्ध बाजूने एक मुलगी उभी राहिली. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मला ज्यो फ्रेझिअर यांच्याविषयी बोलायचे आहे."

फ्रेझिअर हेही कृष्णवर्णीयच. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. घरात मुलांची रांग. पोटासाठी फ्रेझिअर फिलाडेल्फिया शहरात गेले आणि तिथे एका कत्तलखान्यात कामाला लागले. 1964 च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकले आणि अली बंदीत असताना ते जगज्जेते झाले. अलींना पुन्हा लढण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. अडचणीच्या दिवसांत पैशांचीही मदत केली.

"आणि अलींनी त्यांना काय दिले?" मुलगी म्हणाली. "लढतीच्या आधी त्यांना गोऱ्यांचा गुलाम म्हटले. 1975 मध्ये मनिला येथील लढतीच्या वेळी तर सर्वांसमोर गोरिला म्हणून त्यांची टिंगल केली. काळ्या माणसाला माकड म्हणणे ही तर गोऱ्या जुलमी लोकांची शिवी! त्या चिडवण्याचा त्रास फ्रेझिअर यांच्या मुलांना शाळेतही झाला. मग जुलमाविरुद्ध लढणारा हाच माणूस का?"

वर्गात गलका झाला. एक मुलगा उठून म्हणाला, "अली आपले आहेत. त्यांच्याविरुद्ध बोलू नये." मुलीची वेळ अजून संपली नव्हती. पण मी घंटा वाजवली आणि तिला खाली बसवले.

मित्रांनो, त्या रात्री मला नीट झोप आली नाही. मी घड्याळाकडे पाहून घंटा वाजवली नव्हती. तिचे बोलणे मला टोचले, म्हणून वाजवली होती. पेटीतले ते कात्रण माझ्या तराजूच्या एका पारड्याखाली चिकटलेले होते. तोच माझा पासंग.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिची माफी मागितली आणि तिला राहिलेले भाषण पूर्ण करायला सांगितले. मग आम्ही सर्वांनी मिळून फळ्यावर दोन रकाने आखले आणि जे जे खरे, ते ते त्यांत लिहिले. तुम्हीही असे करून पाहा.

पहिली गोष्ट सैन्यात न जाण्याची. आज जग त्या नकाराची वाहवा करते. पण 1967 मध्ये तसे नव्हते. त्या युद्धात अमेरिकेचे 58,000 हून अधिक सैनिक मेले. ज्यांची मुले तिकडे लढत होती, त्यांना अलींचा राग येणे समजण्यासारखे होते. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी गोऱ्यांच्या संघात खेळून कृष्णवर्णीयांसाठी वाट उघडली होती. त्यांचा मुलगा व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता. त्यांनी अलींवर टीका केली. उलट मार्टिन ल्यूथर किंग यांनी अलींच्या निर्णयाला पाठिंबा दिला. दोघेही कृष्णवर्णीयांचे मोठे नेते, दोघेही प्रामाणिक. तरी मते वेगळी. म्हणजे आपल्या मताविरुद्ध बोलणारा प्रत्येक माणूस शत्रू नसतो. मात्र अली पळून गेले नाहीत, देश सोडला नाही, शिक्षा भोगायची तयारी ठेवली. त्यामुळे त्यांना भित्रा म्हणता येत नाही, हे आम्हां सर्वांना पटले.

दुसरी गोष्ट त्यांच्या धर्माची. इथे आपल्याला जास्त सावध राहिले पाहिजे. अली आधी 'नेशन ऑफ इस्लाम' नावाच्या संघटनेत होते. गोरा माणूस जन्मतःच दुष्ट असतो, काळ्या-गोऱ्यांनी वेगळेच राहावे, असे ती संघटना सांगे. अलीही तसे जाहीरपणे बोलत. आपण जो इस्लाम शिकतो, त्यात काळ्या-गोऱ्यांचा असा भेद नाही. त्यांचे मित्र माल्कम एक्स यांनी ही संघटना सोडली आणि 1964 मध्ये ते हजला गेले. तिथे सर्व रंगांची माणसे एका रांगेत पाहून त्यांचे विचार पालटले. पण अलींनी तेव्हा या मित्राकडे पाठ फिरवली. 1965 मध्ये माल्कम यांची हत्या झाली. अलींना या गोष्टीची खंत पुढे जन्मभर राहिली आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली. 1975 नंतर त्यांनी त्या संघटनेची जुनी शिकवण सोडली आणि सर्व मुसलमानांबरोबर ते उभे राहिले. केवळ 'आपले' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट रिंगणातील वागण्याची. 1967 मध्ये एर्नी टेरेल हे प्रतिस्पर्धी त्यांना मुद्दाम जुन्या नावाने हाक मारत. आपले नाव मान्य व्हावे, हा अलींचा हक्कच होता. पण लढतीत त्यांनी टेरेल यांना "माझे नाव काय?" असे विचारत निर्दयपणे ठोसे मारले. हक्क खरा असला, तरी तो मागण्याची रीत चुकू शकते.

आणि शेवटची गोष्ट फ्रेझिअर यांची. दोघांच्या तीन लढती झाल्या. 1971 मधील पहिली फ्रेझिअर यांनी जिंकली, पुढच्या दोन अलींनी. मनिलाची लढत इतकी भयंकर झाली, की फ्रेझिअर यांचे डोळे सुजून मिटले. पंधराव्या फेरीआधी त्यांच्या गुरूने त्यांना उठू दिले नाही. अलीही थकून कोसळण्याच्या बेतात होते. चेहऱ्यावरची सूज काही दिवसांत उतरली असेल, पण त्या शब्दांची जखम फ्रेझिअर यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिली. 2001 मध्ये अलींनी वर्तमानपत्रातून माफी मागितली. रागाच्या भरात आपण नको ते बोललो, असे त्यांनी कबूल केले. तोवर पहिल्या लढतीला 30 वर्षे झाली होती. माफी मागितली हे चांगले, पण फार उशिरा. 2011 मध्ये फ्रेझिअर वारले, तेव्हा आजारी अली त्यांच्या अंत्यविधीला गेले आणि उभे राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अलींना 1984 मध्ये पार्किन्सनचा आजार जडल्याचे निदान झाले होते. ज्यांच्या जिभेपुढे कोणी टिकत नसे, त्यांना बोलणे कठीण झाले. हात थरथरू लागले. तरी 1990 मध्ये ते इराकला गेले आणि तिथे अडकवून ठेवलेल्या 15 अमेरिकनांना सोडवून आणले. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्यांनी थरथरत्या हातांनी पेटवली. ज्या देशाने त्यांना गुन्हेगार ठरवले, त्याच देशाने 2005 मध्ये त्यांना सर्वोच्च नागरी सन्मान दिला. 3 जून 2016 रोजी त्यांचे निधन झाले. एकूण 61 लढतींपैकी 56 त्यांनी जिंकल्या होत्या.

मग निकाल काय लागला, असे तुम्ही विचाराल. वर्गाचे एकमत झाले नाही. बहुतेकांना अली थोर वाटले. त्या मुलीलाही वाटले. पण ती म्हणाली, "सर, थोर म्हणा, पण फ्रेझिअर यांचे नाव गाळून म्हणू नका." आदल्या दिवशी 'अली आपले आहेत' म्हणणारा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग तो म्हणाला, "फ्रेझिअर यांचे आईबाप शेतात राबत होते. माझेही राबतात. मग तेही आपलेच की, सर."

मला वाटते, वादविवादाचे सार त्या मुलाने सांगितले. थोर माणसाच्या चुका झाकल्याने त्याचा मान वाढत नाही आणि एका चुकीसाठी त्याची सगळी पुण्याई पुसून टाकणेही न्यायाचे नाही. दोन्ही पारड्यांत जे खरे आहे, ते पूर्ण टाकावे. माणूस आपला असो वा परका, वजने तीच वापरावीत. चूक झाल्यावर त्याने पुढे काय केले, हेही मोजावे.

पुढच्या वेळी तुमच्या वर्गात एखाद्या खेळाडूवर, नेत्यावर किंवा नटावर वाद रंगेल. तेव्हा बोलण्याआधी तो शेतकरी आठवा. आधी रिकामा तराजू उचलून पाहा. तुमच्या पेटीतले कात्रण कोणत्या पारड्याखाली चिकटले आहे, ते शोधा. मीही अजून शोधतोच आहे.

स्वाध्याय

1. 'तराजूला पासंग आहे' म्हणजे काय?
2. सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे अलींना काय काय गमवावे लागले?
3. लेखकाने घंटा का वाजवली? दुसऱ्या दिवशी त्याने काय केले?
4. 'हक्क खरा असला, तरी तो मागण्याची रीत चुकू शकते.' तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन हे वाक्य स्पष्ट करा.
5. तुमच्या आवडत्या व्यक्तीविषयी दोन रकाने आखा. दोन्हींत किमान तीन खऱ्या गोष्टी लिहा.