ओलाफचे नातू

मेकॉलेची महाराष्ट्रात ओळख करून द्यावी लागत नाही. १८३५ सालचं शिक्षणविषयक टिपण आणि भारतीय दंड संहितेचा मसुदा, या दोन गोष्टींवर त्याच्याविषयीचा आपला राग (आणि क्वचित दबका आदर) आजवर पोसला गेला आहे. त्याच्या आडनावाकडे मात्र कुणी फारसं पाहत नाही. मेकॉले हे आडनाव मुळात इंग्रजी नव्हेच. स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात लुईस नावाचं बेट आहे. या घराण्याचं मूळ तिथलं. तिथल्या गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि पुढचा 'ऑले' म्हणजे ओलाफ. मेकॉले म्हणजे ओलाफचा मुलगा. ही बेटं काही शतकं व्हायकिंगांच्या ताब्यात होती, त्या काळाची ही खूण. हिंदुस्थानला इंग्रजी शिकवायला निघालेला हा गृहस्थ सही करताना दर वेळी एका नॉर्स माणसाचं नाव लिहीत होता.

आज आपल्याकडच्या मुलांना ओलाफ म्हटलं की गाजराच्या नाकाचा हिममानव आठवतो. २०१३ साली 'फ्रोझन' आला आणि त्यानंतर दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, वाढदिवसाच्या केकवर तो सगळीकडे दिसू लागला. चित्रपटातला प्रदेश नॉर्वेच्या फ्योर्डांवर बेतलेला आहे, त्यामुळे नाव चपखल बसतं. पण ज्या नावाच्या राजांनी लढाया मारल्या आणि एकाने संतपद मिळवलं, ते नाव उन्हात वितळणाऱ्या विनोदी बाहुल्याला मिळावं, याला काय म्हणावं!

आधी अर्थ पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. भाषाशास्त्रज्ञ या नावाचं सर्वांत जुनं रूप 'अनुलाइबर' असं कल्पितात. यातला 'अनु' म्हणजे पूर्वज. आपल्या 'अनुज'मधला 'अनु' इथे आणण्याचा मोह होतो, पण तो टाळायला हवा. याचा भाऊबंद जर्मनमधला पूर्वजवाचक 'आन' आहे. दुसऱ्या भागात मात्र खरंच आपलं नातं निघतं. 'लाइब' म्हणजे उरलेलं, मागे राहिलेलं. इंग्रजी 'लीव्ह' याच कुळातला. या शब्दांचं मूळ चिकटणे या अर्थाच्या धातूत आहे. जे चिकटून राहिलं ते उरलं, असा अर्थाचा प्रवास. संस्कृतात तोच धातू 'लिप्' म्हणून आला आणि मराठीत आपण अजून भिंत लिंपतो, कपाळाला लेप लावतो. ओलाफचा उत्तरार्ध आणि आजीच्या हातातला सुंठीचा लेप हे असे दूरचे चुलतभाऊ आहेत. एकूण नावाचा अर्थ झाला 'पूर्वजांचं जे उरलं ते', म्हणजेच वारस.

घरच्या लोकांच्या तोंडात हे लांबलचक नाव झिजत गेलं. मधला 'न' गळाला, 'ब'चा 'व' झाला, पुढचा 'आ' गोल होत 'ओ'कडे गेला. परक्यांनी मात्र ते ज्या दिवशी ऐकलं तसंच जपून ठेवलं. ९३७ साली ब्रुनानबुर्हच्या लढाईत डब्लिनचा राजा ओलाफ इंग्रजांशी लढला. इंग्रजांच्या इतिवृत्तात त्याचं नाव 'अनलाफ' असं लिहिलेलं आहे. तो गळालेला 'न' तिथे शाबूत आहे! आयरिश भिक्षूंनी 'अम्लैब' लिहिलं आणि 'ब' सांभाळला. लुटारूंचं खरं नाव लुटल्या गेलेल्यांनी जपावं, हे मला फार आवडतं.

नॉर्वेत हे नाव राजघराण्यात होतंच. ओलाफ ट्रिग्व्हासन याने दहाव्या शतकाच्या अखेरीस पाच वर्षं राज्य केलं, तलवारीच्या धाकाने लोकांना ख्रिस्ती केलं आणि १००० साली समुद्रावरच्या लढाईत तो संपला. पण नावाला जी गती मिळाली ती त्याच्यामुळे नव्हे. ती मिळाली दुसऱ्या ओलाफमुळे. हा ओलाफ हाराल्डसन. आणि त्याच्या नामकरणाची आइसलँडच्या हस्तलिखितांत आलेली कथा आपल्याकडच्या कुठल्याही पोथीत शोभेल अशी आहे.

गाइरस्टाड नावाच्या ठिकाणी एक जुना राजा मातीच्या मोठ्या ढिगाऱ्याखाली पुरलेला होता. त्याचंही नाव ओलाफ. तो एका माणसाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझं थडगं फोड, माझी तलवार, अंगठी आणि कंबरपट्टा काढ; अमुक राणी बाळंतपणात अडली आहे, तिच्या कमरेला तो पट्टा बांध, आणि मूल झालं की त्याला माझं नाव ठेव. त्याने तसं केलं. मूल झालं, ओलाफ नाव ठेवलं गेलं. पुढे हा मुलगा राजा झाला, ख्रिस्ती झाला. एकदा त्या ढिगाऱ्याजवळून घोड्यावरून जाताना सोबतच्या माणसाने विचारलं, महाराज, आपल्यालाच इथे पुरलं होतं का? राजा चिडला. माझ्या आत्म्याला कधी दोन देह नव्हते, अशा अर्थाचं काही बोलून त्याने घोडा पुढे दामटला.

कथा ऐतिहासिक नाही, हे सांगायला नकोच. पण ती ज्यांनी सांगितली आणि ऐकली त्यांच्या मनात नाव म्हणजे काय होतं, ते तिच्यातून लख्ख दिसतं. नव्या धर्मात पुनर्जन्माला जागा नव्हती म्हणून राजाला तो नाकारावा लागला. नाव मात्र टाकता आलं नाही. आणि नाव तरी काय, 'पूर्वजांचं जे उरलं ते'!

१०३० साली २९ जुलैला ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला स्टिकलेस्टाड इथे हा राजा स्वतःच्याच देशातल्या शेतकऱ्यांच्या आणि सरदारांच्या फौजेकडून मारला गेला. वर्षभरात वातावरण पालटलं. १०३१ च्या ऑगस्टमध्ये त्याचा देह उकरून काढला गेला आणि बिशप ग्रिमकेलने त्याला संत म्हणून जाहीर केलं. जिवंतपणी ज्याला लोकांनी हाकललं त्याच्या कबरीवर मग ट्रॉन्डहाइममध्ये मोठं कॅथेड्रल उभं राहिलं आणि उत्तर युरोपातून माणसं चालत तिथे येऊ लागली. राजा म्हणून तो कठोर होता, प्रसंगी क्रूर होता. संत होण्याजोगं त्याच्या हयातीत फारसं सापडत नाही. पण मेलेला राजा जिवंत राजापेक्षा राज्याच्या जास्त कामी येतो, हे त्याच्या वारसांनी ओळखलं. त्याला नॉर्वेचा शाश्वत राजा असा किताब मिळाला. देशाच्या राजचिन्हातल्या सिंहाच्या पंजात आजही त्याचीच कुऱ्हाड आहे.

संताबरोबर नाव फिरलं. टॅलिनमध्ये त्याच्या नावाचं उंच मनोऱ्याचं चर्च उभं राहिलं, फिनलंडमध्ये पंधराव्या शतकात ओलाविनलिना हा किल्ला. लंडनमध्ये तर त्याच्या नावाची बरीच चर्च होती. त्यातल्या एकात रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स पुरलेला आहे. थेम्सच्या दक्षिण काठावर 'टूली स्ट्रीट' नावाचा रस्ता आहे. हा टूली कोण, असं वाटेल. तो 'सेंट ओलेव्ह'च आहे. 'सेंट'मधला शेवटचा 'ट' पुढच्या नावाला चिकटला आणि शतकानुशतकांच्या घाईत बाकीचं झडून गेलं.

१५३७ साली धर्मसुधारणा नॉर्वेवर लादली गेली. शेवटचा कॅथलिक आर्चबिशप देश सोडून पळाला. त्याचंही नाव ओलाव, म्हणजे ओलाफच. संताची चांदीची पेटी कोपनहेगनला नेऊन वितळवली गेली आणि देह कॅथेड्रलमध्येच कुठेतरी पुरला गेला. नेमका कुठे, हे आज कुणाला माहीत नाही. राजांमध्ये तर हे नाव त्याआधीच संपलं होतं. १३८७ साली ओलाव चौथा हा सोळा वर्षांचा राजा वारला आणि नॉर्वे आधी संयुक्त राज्यात, मग डेन्मार्कच्या सावलीत गेला.

राजा नाही, संत नाही. मग नाव टिकलं कसं? ते शेतकऱ्यांनी टिकवलं. दरबारी ओलावचं गावात 'ओले' झालं, 'ओला' झालं. (मराठीत हे वाचताना पावसाळा आठवणं साहजिक आहे, पण नॉर्वेत उच्चार 'ऊले', 'ऊला' असा होतो, त्यामुळे कोटी तिकडे चालत नाही.) तिथली रीत अशी होती की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. त्यात गेलेल्या माणसाचा हक्क पहिला. गरोदर बाईच्या स्वप्नात मेलेला माणूस आला तर तो 'नाव मागत फिरतोय' असं म्हणत, आणि ते नाव बाळाला द्यावंच लागे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे सून सासऱ्याचं नाव घेऊ शकत नाही म्हणून पोराला दुसऱ्याच नावाने हाक मारली जाते. तिकडे ओलेचा नातू ओले म्हणूनच ओरडा खात असे.

शिवाय बापाचं नाव मुलाच्या नावामागे लागे. ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सडाटर. आपण बापाचं नाव मधे घालतो, ते शेवटी घालत. म्हणून एकाच घरात आजोबा ओले हान्सेन, बाप हान्स ओल्सेन आणि नातू पुन्हा ओले हान्सेन असा रहाट चाले. नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने कायमचं आडनाव सक्तीचं केलं आणि रहाट थांबला. ओल्सेन जिथल्या तिथे गोठले. आइसलँडमध्ये तो अजून चालू आहे. तिथे नावालाही विभक्ती लागते: कर्ता असेल तर ओलाफुर, कर्म असेल तर ओलाफ, मग ओलाफी, ओलाफ्स. 'रामाने, रामाला' म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये, पण इंग्रज प्रवासी गोंधळतात.

ओले या साध्या रूपाने माणसंही मोठी दिली. प्रकाशाला वेग असतो हे १६७६ साली गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवून देणारा डॅनिश खगोलज्ञ ओले रोमर. बिलुंड गावचा सुतार ओले कर्क क्रिस्टियन्सन, ज्याच्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यातून लेगो निघालं. आणि हान्स अँडरसनच्या गोष्टीतला, मुलांना झोपवणारा छत्रीवाला ओले. पण याच रूपाची थट्टाही झाली. एकोणिसाव्या शतकात लाखो नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. मिनेसोटात ओले आणि त्याची बायको लेना यांच्यावर विनोदांची मोठी परंपरा आहे. आपल्याकडच्या बंड्या-गंपूच्या जातीचीच. खुद्द नॉर्वेत सामान्य माणसाला 'ओला नॉर्डमन' म्हणतात.

थट्टेचं नाव पुन्हा राजघराण्यात आलं ते १९०५ साली. नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, राजा हवा होता. जनमत घेऊन डेन्मार्कच्या राजपुत्राला बोलावण्यात आलं. त्याचा दोन वर्षांचा मुलगा इंग्लंडमध्ये सँड्रिंगहॅमला जन्मलेला, नाव अलेक्झांडर. नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरताना त्या पोराचं नाव बदलून ओलाव ठेवलं गेलं. अलेक्झांडर नावाचा राजा तिथल्या शेतकऱ्याला परका वाटला असता. ओलाव तर घरोघरी होता. १९५७ साली तो ओलाव पाचवा म्हणून गादीवर आला, चौथ्यानंतर ५७० वर्षांनी. पण 'पाचवा' या एका शब्दाने ती सगळी पोकळी अशी बुजवली की जणू मधे काही घडलंच नाही! नाव ठेवणं ही किती मोठी राजनीती असू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तो माणूसही नावाला जागला. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने शिडाच्या नौकानयनात सुवर्णपदक मिळवलं. १९७३ साली तेलटंचाईमुळे शनिवार-रविवारी मोटारी बंद होत्या, तेव्हा राजा स्की घेऊन ट्राममध्ये बसला. तिकिटाचे पैसे पुढे करणाऱ्या राजाचं ते छायाचित्र नॉर्वेत सगळ्यांना पाठ आहे. १९९१ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा लोकांनी राजवाड्यासमोरच्या बर्फात मेणबत्त्या लावल्या.

शेजारच्या स्वीडनमध्ये नावाचं रूप 'ऊलोफ'. भारतीयांना तिथला एकच माणूस आठवतो, पंतप्रधान ओलोफ पाल्मे. अण्वस्त्रविरोधी मोहिमेत ते राजीव गांधींचे सहकारी होते, आणि १९८६ च्या २८ फेब्रुवारीला स्टॉकहोमच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. महिन्याभराने बोफोर्स तोफांचा करार झाला आणि पुढची कित्येक वर्षं आपल्या वर्तमानपत्रांत त्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापल्या गेल्या. दिल्लीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

आणि आज? नॉर्वेची सांख्यिकी संस्था नावांचा हिशेब १८८० पासून मांडते. युद्धानंतरच्या काळात तिथे 'यान'ची लाट होती. मग 'ओले' एकटा न येता ओले मार्टिन, ओले क्रिस्टियान असा जोडीने येऊ लागला. मँचेस्टर युनायटेडचा माजी फुटबॉलपटू ओले गुन्नर सोल्शेर त्याच पिढीचा. अलीकडे यादीच्या टोकाला नोआ, याकोब, लुकास अशी जगभर चालणारी नावं आहेत. ओलाव तिथे नाही, पण यादीतून गेलेलाही नाही. पणजोबांची नावं पुन्हा आवडू लागण्याची तिकडे सध्या रीत आहे, आणि पणजोबा बहुधा ओलावच असतात. हिममानवामुळे नाव वाढलं असं मात्र कुणी समजू नये. त्याचं नाव 'फ'ने संपतं, नॉर्वेतल्या मुलाचं 'व'ने. तो फरक तिथे पुरेसा आहे.

२०३० च्या २९ जुलैला स्टिकलेस्टाडच्या लढाईला हजार वर्षं होतील. नॉर्वेत राष्ट्रीय सोहळ्याची तयारी सुरू झाली आहे. मराठी वाचकांपैकी कुणी त्या सुमारास ट्रॉन्डहाइमला गेलात तर कॅथेड्रलच्या दारात नाव घेताना 'ऊलाव' म्हणा. शेवटचा 'व' ऐकू आला पाहिजे.