गृहशिक्षण आणि मुलाचा संवादव्यवहार : जॉन स्टुअर्ट मिलचे उदाहरण

घरीच शिकलेले मूल एकलकोंडे होते की अधिक स्वावलंबी, हा वाद बहुधा सामान्य विधानांतच घोटाळत राहतो. मूल दिवसभर कोणाशी आणि कशाविषयी बोलत होते, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पुष्कळ स्पष्ट होते. या दृष्टीने जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) याचे, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र हा मोलाचा पुरावा होय.

मिल शाळेत कधी गेलाच नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक व आठव्या वर्षी लॅटिन, हा त्याचा अभ्यासक्रम अनेकांस ठाऊक असतो. परंतु त्याहून उद्बोधक आहे ती शिकवण्याची रीत. वडील जेम्स मिल ज्या टेबलाशी बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहीत, तेथेच मुलगा ग्रीक वाची. ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हते. अडलेला प्रत्येक शब्द वडिलांनाच विचारावा लागे. सकाळी फिरावयास जाताना आदल्या दिवशीच्या वाचनाचा वृत्तान्त चिठोऱ्यांवरील टिपणांच्या आधारे त्यांना सांगावयाचा. विचाराने जे सापडण्याजोगे असेल, ते मुलाचे प्रयत्न थकल्याखेरीज सांगावयाचे नाही, असा पित्याचा दंडक होता. बौद्धिक स्वातंत्र्याचा पाया येथे घातला गेला, यात शंका नाही.

मात्र संभाषणाचे वर्तुळ फार अरुंद राहिले. इतर मुलांच्या असंस्कृत विचारांचा संसर्ग नको, म्हणून त्याला त्यांच्यापासून दूर ठेवण्यात आले. घरातल्या धाकट्या बहिणीशीही नाते शिक्षकाचे. स्वतः लॅटिनचा आरंभ करताच तिला शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. वडिलांपुढे उत्तर देणे आणि भावंडांपुढे पाठ देणे या दोन भूमिका त्याला साधल्या. बरोबरीच्या नात्याने थट्टा करणे, भांडणे, पडते घेणे ही तिसरी भूमिका त्याच्या वाट्यास आली नाही. मोठ्यांचे म्हणणे तो बेधडक खोडून काढी आणि लोक त्याला गर्विष्ठ समजत. वस्तुतः तुलनेस केवळ पित्याची अपेक्षा असल्यामुळे तो स्वतःस मागासलेलाच मानीत होता! उणीव होती ती संवादाच्या संकेतांची.

दैनंदिन व्यवहारात तो परावलंबी होता. हातांच्या कामात अकुशल, लहानसहान गोष्टींत बेसावध. आपले शिक्षण जाणण्यासाठी होते, करण्यासाठी नव्हते, असा त्याचाच निर्वाळा आहे. कर्तबगार पालकांची मुले पुष्कळदा निरुद्योगी होतात, कारण त्यांच्या वाट्याचे कर्तृत्व पालकच उरकतात, हे त्याचे निरीक्षण गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे. (१८२६ मधील त्याच्या मानसिक संकटाचे सारे खापर मात्र याच कारणावर फोडणे घाईचे ठरेल.)

ही उणीव पुढे बरीचशी भरून निघाली. १८२० मध्ये तो फ्रान्समध्ये सॅम्युएल बेंथॅमच्या कुटुंबात राहावयास गेला. १८२२–२३ च्या हिवाळ्यात त्याने तरुणांचे एक छोटे चर्चामंडळ स्थापिले. आणि १८२३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी धरली. भिन्न मतांच्या माणसांना आपले म्हणणे पटवावे कसे, आणि सर्व मिळत नसेल तेव्हा जितके मिळेल तितके पदरात कसे पाडून घ्यावे, हे तो या कचेरीत शिकला.